घाटावरचे पाणी आणि आपली खाडी

(मांडवा येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र परिषदेत दिलेले व्याख्यान)



आजच्या परिषदेचा विषय ‘परिसर अभ्यास’ हा असल्याने मी आपणांस प्रथम परिसराकडेच घेऊन जातो. आपण दिवस मावळल्यावर मांडव्याच्या धक्क्यावर उभे राहिलो, तर समोर पाण्यापलीकडे मुंबईच्या दिव्यांची रांग दिसते. आपली मुले हे दृश्य जन्मापासून पाहत असतात. भाऊच्या धक्क्याहून येणारी बोट त्यांच्या परिचयाची असते. परंतु त्या दिव्यांचा आणि आपल्या उजव्या हातास असलेल्या रेवसच्या खाडीचा काही संबंध आहे काय, असा प्रश्न त्यांना कोणी विचारीत नाही. तसा संबंध आहे, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. तो मुलांस कसा समजावून द्यावा, यासाठी आजचे हे व्याख्यान आहे.

या विषयाकडे माझे लक्ष एका विद्यार्थ्याने वेधले. कुंडलिका नदीच्या काठच्या एका शाळेत मी गेलो असता चौथीतील एका मुलाने मला विचारले, “गुरुजी, आमच्या नदीला सुट्टी कशी काय असते? काही दिवशी सकाळी पाणीच नसते.” वर्गातील मुले हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण मुलगा खरेच बोलत होता. पावसाने वाहणाऱ्या नदीस सुट्टी नसते. जिचे पाणी यंत्राच्या हुकुमाने सुटते, त्या नदीस ती असते. मुलाने पाहिलेली गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकातील नदीच्या वर्णनात बसत नव्हती. अशा वेळी पुस्तक बाजूस ठेवून नदीकडे जाणे हे शिक्षकाचे काम होय.

आता मूळ गोष्टीकडे वळू. सह्याद्रीचा कडा ही पाण्याची वाटणी करणारी भिंत आहे. कड्याच्या पश्चिमेस पडलेला पाऊस कोकणातील लहान, वेगवान नद्यांनी अरबी समुद्रास मिळतो. कड्यापासून थोडे पूर्वेस पडलेला पाऊस मात्र इंद्रायणी, आंद्रा, मुळा अशा नद्यांनी भीमेस, भीमेतून कृष्णेस आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरास जाऊन मिळतो. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेच पाणी पूर्वेस सोलापुराच्या बाजूस पोहोचते, तेव्हा ते पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात शिरलेले असते. म्हणजे माथ्यावरचा पाऊस हा पूर्वेकडील कोरड्या मुलखाचा जीवनाधार आहे. ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत असत. कोळसा दुरून आणावा लागे आणि धुराने शहर काळवंडे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते कड्यावरून नळांवाटे कोकणात सोडावे व त्याच्या वेगाने वीज निर्माण करावी, अशी कल्पना पुढे आली. जमशेटजी टाटा यांनी तिचा पाठपुरावा केला. त्यांच्या निधनानंतर १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. १९११ साली लोणावळ्याजवळ कामास प्रारंभ झाला आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोली येथील वीजगृह सुरू झाले. लोणावळा, वळवण व शिरवटा या तलावांचे पाणी तेथे उतरते. १९२२ साली भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. त्यासाठी आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण बांधले होते. १९२७ साली मुळशीच्या तलावाच्या पाण्यावर भिरा येथील वीजगृह चालू झाले. आज या तीन केंद्रांची क्षमता अनुक्रमे ७२, ७५ व ३०० मेगावॅट आहे. ही तिन्ही वीजगृहे आपल्याच रायगड जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात आहेत.

या यंत्रणेचे मर्म उंचीत आहे. पाणी सुमारे ५०० मीटर खाली येते. वरच्या इयत्तेच्या मुलांकडून येथे एक उदाहरण करून घेता येईल. एक हजार लिटर पाणी, म्हणजे घरातले साठ-सत्तर हंडे, ५०० मीटर खाली उतरले की यंत्रातील तूट वजा जाता सुमारे एक युनिट वीज मिळते. एका युनिटावर दहा वॅटचा दिवा शंभर तास जळतो. म्हणजे एक दिवा शंभर तास जाळण्यासाठी साठ-सत्तर हंडे पाणी डोंगर उतरले पाहिजे. हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर ‘वीज वाया घालवू नका’ हा उपदेश निराळा करावा लागत नाही.

आता पुढचा प्रश्न असा की, वीज तारांवरून मुंबईस गेली, मग पाणी कोठे गेले? चक्र फिरविल्याने पाणी नाहीसे होत नाही. ते वीजगृहातून बाहेर पडते आणि जवळच्या नदीत जाते. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत जाते, भिवपुरीचे उल्हास नदीत आणि भिऱ्याचे कुंडलिकेत. पाताळगंगा रसायनी, आपटा, खारपाडा या मार्गाने धरमतरच्या खाडीस मिळते आणि त्या खाडीचे मुख रेवस व करंजा यांच्या मध्ये, येथून जवळच आहे. कुंडलिका कोलाड व रोह्यावरून वाहत रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते. आता अलिबाग तालुक्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. तालुक्याच्या उत्तरेस धरमतरची खाडी आहे आणि दक्षिणेस रेवदंड्याची. या दोन्ही खाड्यांत घाटमाथ्यावरचे, मुळात बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी येऊन मिसळते. आपल्या तालुक्याच्या दोन्ही कुशींस परक्या खोऱ्याचे पाणी खेळते आहे, आणि आपल्यापैकी फार थोड्यांस त्याची कल्पना आहे.

हे पाणी किती, हेही सांगितले पाहिजे. कृष्णा पाणी-वाटप लवादाने १९७० च्या दशकात जो निर्णय दिला, त्यात टाटांच्या या सर्व तलावांतून मिळून एका वर्षात ५४.५ अब्ज घनफूट व लागोपाठच्या कोणत्याही पाच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफूट यांपेक्षा अधिक पाणी पश्चिमेस वळवू नये, अशी मर्यादा घातली. पाच वर्षांची सरासरी काढली तर ती वर्षास ४२.४ अब्ज घनफूट येते. एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. या मर्यादेइतके पाणी रोज सारखे सोडले असे धरले, तर दिवसास सुमारे ३२९ कोटी लिटर होतात. साऱ्या मुंबई शहरास महापालिका दररोज सुमारे ३८५ ते ४०० कोटी लिटर पाणी पुरविते. या तुलनेवरून वळविलेल्या पाण्याची थोरवी मुलांच्या ध्यानी येईल.

एवढे पाणी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात नेले म्हणजे दोन्हीकडे परिणाम होणारच. प्रथम वरच्या बाजूचे परिणाम पाहू. पहिला परिणाम माणसांवर झाला. मुळा व निळा नद्यांच्या संगमाजवळ मुळशीचे धरण झाले, तेव्हा मावळातील पन्नासांहून अधिक गावांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. या भातशेतीच्या, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनी होत्या. १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे अग्रणी होते. बापटांस ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी याच लढ्यात दिली. १९२४ पर्यंत हा लढा चालला. धरण थांबले नाही, जमिनी गेल्या. धरणग्रस्तांनी संघटितपणे केलेल्या जगातील आरंभीच्या लढ्यांत मुळशी सत्याग्रहाची गणना होते. आपल्या नदीत उन्हाळ्यात जे पाणी दिसते, त्यात त्या मावळ्यांच्या खाचरांचा वाटा आहे, हे आपल्या मुलांस कळले पाहिजे. इतिहासाचा पाठ आणि भूगोलाचा पाठ येथे एकाच ओढ्यावर भेटतात.

दुसरा परिणाम नदीवर झाला. धरणाखालच्या पात्रात पावसाळा सरल्यावर पाणी कमी झाले. नदी ही केवळ पाण्याची वाट नव्हे. तिच्या वाहत्या पाण्यात मासे अंडी घालतात, पुराने काठावर गाळ पसरतो, काठच्या विहिरींचे झरे जिवंत राहतात आणि मानवी वस्तीची घाण वाहून जाऊन शुद्ध होते. प्रवाह क्षीण झाला की ही सर्व कामे क्षीण होतात. पुढे या खोऱ्यात पुणे व पिंपरी-चिंचवडसारखी शहरे वाढली व त्यांचे सांडपाणी नद्यांत येऊ लागले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तीत मुळा आणि भीमा या दोघींचीही नावे आहेत. या दुर्दशेचे मुख्य कारण सांडपाणी हेच होय. परंतु घाण वाहून नेण्यास लागणारे पाणीही जेथे कमी पडते, तेथे घाणीचा दाह अधिक जाणवतो, हे सांगावयास नको.

आता खालच्या बाजूकडे, म्हणजे आपल्याकडे येऊ. कोकणातील नद्यांचा निसर्गक्रम आपणांस ठाऊक आहे. चार महिने पूर, पुढे दोन-तीन महिने झुळझुळ आणि फाल्गुन-चैत्रात पात्रात डोहच तेवढे शिल्लक. ज्या नद्यांत वीजगृहाचे पाणी येते, त्या या नियमास अपवाद झाल्या. त्या बारमाही वाहू लागल्या. याचे लाभ उघड आहेत. कुंडलिकेवर डोलवहाळ येथे बंधारा झाला व त्याच्या कालव्यांवर रोहे-माणगाव भागात उन्हाळी भात उभे राहिले. पाताळगंगेच्या पाण्यावर रसायनीची औद्योगिक वसाहत उभी राहिली व पनवेल परिसरास पिण्याचे पाणी मिळू लागले. उल्हासच्या पाण्यावर बदलापूर-कल्याणकडील वाढत्या शहरांची तहान भागू लागली. कोलाडच्या तरुणांस नदीतील नौकाविहारामुळे रोजगार मिळाला. तोही भिऱ्याचे पाणी सुटण्याच्या वेळेवरच चालतो. हे लाभ नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. धूर न करता मिळालेली वीज हाही लाभच होय.

तथापि लाभाबरोबर काही गोष्टी आल्या, त्यांचा निराळा विचार केला पाहिजे.

त्यांतील पहिली गोष्ट पाण्याच्या चढउताराची. जलविद्युत् केंद्राचे वैशिष्ट्य असे की, ते काही मिनिटांत चालू करता येते व तितक्याच त्वरेने बंद करता येते. म्हणून विजेची मागणी वाढते त्या वेळी ते अधिक चालवितात आणि मागणी घटली की थांबवितात. परिणामी नदीचे पाणी दिवसातून चढते व उतरते. नैसर्गिक नदीत असा चढउतार ऋतूंप्रमाणे होतो, येथे तो घड्याळाप्रमाणे होतो. ज्या मुलास नदीची ‘सुट्टी’ दिसली, त्याने हाच चढउतार पाहिला होता. उथळ पाण्यात घातलेली माशांची अंडी पाणी उतरले की उघडी पडतात. दगडाखालचे किडे, जे माशांचे अन्न असतात, ते एका दिवसात भिजतात व सुकतात. काठाची माती पुनःपुन्हा भिजून व सुकून ढासळते. शिवाय तलावात गाळ खाली बसल्याने वीजगृहातून येणारे पाणी नितळ असते, आणि नितळ, वेगवान पाणी काठाची माती अधिक ओढते.

येथे मी आपणांस एक कळकळीची सूचना करतो. अशा नदीकाठच्या शाळांत मुलांस पाण्याच्या वेळा समजावून दिल्याच पाहिजेत. कोरडे दिसणारे पात्र दुपारी भरू शकते, आणि पाणी चढते तेव्हा आवाज होतोच असे नाही. पात्रातील खडकावर खेळणाऱ्या मुलास परतीची वाट राहत नाही. सूचनाफलक लावणे हे इतरांचे काम असेल, पण तो वाचावयास व मानावयास शिकविणे हे आपले काम आहे.

दुसरी गोष्ट प्रदूषणाची. बारमाही पाणी पाहून कारखाने आले. रोह्याजवळ धाटाव व पाताळगंगेकाठी रसायनी ही त्याची उदाहरणे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ज्या यादीचा मी उल्लेख केला, तीत कुंडलिका व पाताळगंगा याही आहेत. यातील मर्म असे की, घाटावरून येणारे स्वच्छ पाणी घाणीस पातळ करते आणि त्यामुळे घाण झाकली जाते. वीजगृह थांबले व प्रवाह कमी झाला की तेवढ्याच घाणीचे प्रमाण वाढते. हे वर्गात दाखविणे अगदी सोपे आहे. शाईचा एक थेंब बादलीभर पाण्यात टाकावा व तसाच एक थेंब पेलाभर पाण्यात टाकावा. शाई तेवढीच, पण एकीकडे ती दिसत नाही व दुसरीकडे पाणी निळे होते. परक्या खोऱ्याच्या पाण्याने आपण आपली घाण झाकीत असू, तर तो पाण्याचा उपयोग नव्हे, उपमर्द होय.

तिसरी गोष्ट खाडीची, आणि ती मांडव्याच्या व खारेपाटाच्या शिक्षकांस सर्वांत जवळची आहे. खाडी म्हणजे खाऱ्या व गोड्या पाण्याचा संसार. पावसाळ्यात गोड्या पाण्याचे राज्य असते व खारे पाणी मुखाकडे हटते. उन्हाळ्यात नदी आटली की भरतीबरोबर खारे पाणी दूरवर आत शिरते. या हेलकाव्यावर खाडीतील प्रत्येक जीवाचे पंचांग बसलेले असते. आपल्याकडील जिताडा घ्या. तो वाढतो गोड्या व मचूळ पाण्यात, परंतु प्रजननासाठी खाडीच्या मुखाकडे खाऱ्या पाण्यात जातो. त्याची पिल्ले पुन्हा खाडीत व खाजणात वर चढतात. तीच पिल्ले धरून आपले शेतकरी खारेपाटातील तळ्यांत वाढवितात. बोय, कोळंबी, चिंबोरी, निवटी यांचेही जीवन पाण्याच्या क्षारतेशी बांधलेले आहे. तिवर व कांदळ यांची झाडे ठराविक प्रमाणातील खारेपणातच जोमाने वाढतात.

आता अशा खाडीत उन्हाळ्यातही गोडे पाणी येऊ लागले, तर खाऱ्या पाण्याची हद्द काही अंतर खाली सरकणे साहजिक आहे. खाडीच्या वरच्या भागात जेथे उन्हाळ्यात खारटपणा असावयाचा, तेथे मचूळपणा राहतो. कोणा जीवास हे मानवते, कोणास मानवत नाही. येथे शिक्षकाने एक पथ्य पाळावे. खाडीत मासळी कमी झाली की सर्व दोष एकाच कारणावर टाकण्याचा मोह होतो. कारखान्यांचे सांडपाणी, खाजणांवर टाकलेला भराव, तिवरांची तोड, गाळ उपसणे, बारीक आसाची जाळी, अशी अनेक कारणे एकाच खाडीत एकाच वेळी काम करीत असतात. वळविलेले पाणी हे त्यांतील एक. त्याचा वाटा किती, हे केवळ तर्काने ठरवू नये. निरीक्षणाने ठरवावे आणि निरीक्षणास वर्षे लागतात. आपल्या शाळा या ठिकाणी वर्षानुवर्षे राहणार आहेत, म्हणून हे काम शाळांइतके दुसऱ्या कोणास साधणारे नाही.

याच प्रकारचे, परंतु अधिक मोठे उदाहरण दक्षिणेस आहे. कोयना नदी ही कृष्णेची उपनदी. तिच्यावरील धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस नेऊन वीज निर्माण करण्यास १९६२ साली आरंभ झाला. आज त्या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. तेथून सुटलेले पाणी वाशिष्ठी नदीत जाते व चिपळूणवरून दाभोळच्या खाडीस मिळते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला व अनेकांचे प्राण गेले. मोठ्या जलाशयाच्या भाराचा व झिरपणाऱ्या पाण्याचा भूकंपाशी संबंध असू शकतो, हा विचार जगभरच्या शास्त्रज्ञांनी कोयनेच्या उदाहरणावरून अभ्यासिला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण शहर पुरात बुडाले. त्याचे मूळ अतिवृष्टीत होते, पण वीजगृहातून येणाऱ्या पाण्याचा त्यात वाटा होता की नाही, यावर मोठा वाद झाला. त्या वादाच्या निकालात न शिरताही एक बोध घेता येतो. नदीत मनुष्याने पाणी सोडले की नदीच्या प्रत्येक वागणुकीचा जाब मनुष्यास विचारला जातो, आणि तो विचारला जाणे योग्यच आहे.

बंधुभगिनींनो, आता मी या विषयातील सर्वांत अवघड प्रश्नाकडे येतो. पूर्वेकडील भीमा खोऱ्यात दुष्काळ पडला की अशी मागणी पुढे येते की, पश्चिमेस वळविलेले पाणी पूर्वेस, त्याच्या मूळ वाटेने सोडावे. सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ही मागणी न्यायाची आहे. पाऊस त्याच्या नदीच्या उगमावर पडला, नदी त्याची, मग पाणी समुद्रास का जावे, असे तो विचारतो. परंतु शंभर वर्षांत पश्चिमेकडे काय झाले, हे आपण नुकतेच पाहिले. उन्हाळी भात, औद्योगिक वसाहती, पनवेल व बदलापूरच्या नळयोजना हे सर्व त्याच पाण्यावर उभे आहे. ते पाणी एकाएकी थांबले तर कुंडलिका व पाताळगंगा फाल्गुनात पुन्हा आटतील, कारखान्यांची घाण मात्र आटणार नाही. खाडीचे पाणी पुन्हा खारे होईल आणि शंभर वर्षांत जे जीव मचूळ पाण्यास सरावले, त्यांना पुन्हा नवे पंचांग शिकावे लागेल.

एकदा वळविलेले पाणी पुन्हा सरळ करणे हे पहिल्यांदा वळविण्याइतकेच कठीण असते. म्हणून कोणतेही पाणी वळविण्यापूर्वी दोन्ही खोऱ्यांतील माणसांस व जीवांस विचारले पाहिजे, असे मला वाटते. १९१५ साली हे विचारण्याची रीत नव्हती, आणि १९२१ साली मावळ्यांनी न विचारता सांगितले, तर ते ऐकण्याची रीत नव्हती. आज पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास व जनसुनावणी यांची तरतूद कायद्यात आहे. परंतु सुनावणीस जाऊन बोलणारा नागरिक शाळेत घडतो. ज्याला आपल्या नदीचे पाणी कोठून येते हे ठाऊक नाही, तो सुनावणीत काय सांगणार?

वीजनिर्मितीच्या पद्धतीही बदलत आहेत, हे आपण जाणून असावे. खालचे पाणी पुन्हा वर चढवून, मागणीच्या वेळी तेच पाणी पुन्हा खाली सोडावे, अशी योजना भिऱ्याच्या एका संचात पूर्वीच आली. २०२३ साली भिवपुरी येथे १,००० व शिरवटा येथे १,८०० मेगावॅटचे असे प्रकल्प उभारण्यासाठी राज्य शासन व टाटा पॉवर कंपनी यांच्यात करार झाला. अशा पद्धतीत तेच पाणी वारंवार वापरता येते, हा तिचा गुण. मात्र नदीत किती पाणी, कोणत्या वेळी, किती नियमितपणे सुटेल हा प्रश्न तेथेही उरतोच, आणि तो विचारण्याचा अधिकार खालच्या गावांस आहे.

आता आपण शाळेत काय करू शकतो, ते सांगतो. यासाठी साधनांचा खर्च जवळजवळ नाही.

पहिले काम नकाशाचे. अंगणात किंवा वाळूत मुलांकडून सह्याद्रीचा कडा करवून घ्यावा. माथ्यावर तांब्याने पाणी ओतावे व ते पूर्वेस कसे उतरते ते पाहावे. मग कड्यास एक भोक पाडावे आणि तेच पाणी पश्चिमेस येते, हे मुलांनी स्वतः पाहावे. वाळूचा हा धडा मुले विसरत नाहीत.

दुसरे काम पाण्याच्या नोंदवहीचे. नदीकाठच्या शाळेने सुरक्षित ठिकाणच्या पुलाच्या खांबावर खुणा पाहून शाळा भरताना व सुटताना पाण्याची पातळी लिहावी. ही नोंद शिक्षकाच्या देखत व्हावी. महिनाभरात नदीचा ‘सुट्टीचा’ दिवस आपोआप सापडेल.

तिसरे काम खारेपणाचे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीचे मोजून घेतलेले पाणी ताटलीत उन्हात आटवावे व उरलेले मीठ तोलावे. पोकळ नळीच्या टोकास मेण लावून ती पाण्यात तरंगत ठेवली, तर अधिक खाऱ्या पाण्यात ती अधिक वर राहते. त्यावर रेघा आखल्या की खारेपणा मापण्याचे साधन तयार झाले. मांडवा, रेवस व धरमतरच्या बाजूची शाळा यांनी पौर्णिमेस व अमावास्येस एकाच भरतीच्या वेळी ही मोजणी केली व परस्परांस कळविली, तर वर्षाअखेर खाडीचे एक पंचांग तयार होईल.

चौथे काम वडीलधाऱ्यांच्या आठवणींचे. कोळीवाड्यातील आजोबांस व खारेपाटातील आजीबाईंस विचारावे की, त्यांच्या बालपणी कोणती मासळी कोणत्या महिन्यात मिळे, खाजणात काय होते, उघाडीचे पाणी कसे होते. मुलांनी ते त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. माशांची व झाडांची गावातील नावे जशीच्या तशी लिहावीत. नावे गेली की ओळख जाते, आणि ओळख गेली की नाहीसे झाल्याचे दुःखही होत नाही.

पाचवे काम पत्राचे. मावळातील व सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या प्राथमिक शाळेशी आपल्या शाळेने पत्रव्यवहार सुरू करावा. ‘तुमच्याकडे पाऊस किती पडला, आमच्या नदीत आज पाणी किती होते’ एवढेच लिहावे. ज्या मुलांची पाण्याने गाठ घातली, त्यांची पत्राने ओळख व्हावी. उद्या मोठेपणी पाण्याच्या वाटणीवर त्यांनीच निर्णय घ्यावयाचे आहेत. ते एकमेकांस शत्रू म्हणून न भेटता परिचित म्हणून भेटले, तर त्यांचे निर्णय अधिक शहाणपणाचे होतील.

त्या कुंडलिकेकाठच्या मुलास मी त्या दिवशी पूर्ण उत्तर देऊ शकलो नाही. मी एवढेच म्हणालो की, “नदीला सुट्टी नसते, बाळा. तिला कोणीतरी कामाला लावले आहे, आणि ज्या दिवशी वर काम नसते त्या दिवशी ती आपल्याकडे येत नाही.” त्यावर त्याने विचारले, “मग तिचे स्वतःचे काम कोण करते?” अध्यापक बंधुभगिनींनो, त्या प्रश्नाचे उत्तर मी अद्याप शोधीत आहे. ते शोधण्यात आपण व आपले विद्यार्थी सहभागी व्हाल, अशी आशा आहे.